एक जूनची जन्मतारीख

गुरुजी, तुमच्या शोकसभेत मी चार मिनिटं बोलले आणि त्यात एकही कामाची गोष्ट बोलले नाही. शाळेच्या पटांगणात मांडव टाकला होता. सरपंच आले, केंद्रप्रमुख आले, धारूरहून तुमचे जुने विद्यार्थी आले. मी म्हणाले, गुरुजी वक्तशीर होते, गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं होतं, गुरुजींनी वाडीच्या तीन पिढ्या शिकवल्या. लोकांनी माना डोलावल्या. ज्या गोष्टीवरून आपण दोघं दोन वर्षं भांडलो, तिचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. खाली बसले तेव्हा तुमच्या फोटोशेजारी बसलेल्या काकू माझ्याकडं बघत होत्या. मी काय टाळलं ते त्यांना बरोबर कळलं होतं.

म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही असता तर "शोभा, वाक्य लांबलं" म्हणाला असता. लांबू द्या.

सुनंदापासून सुरू करते. तुम्ही नेहमी भागवतपासून सुरू करायचा आणि मला त्याचाच राग यायचा.

सुनंदा आणि मी तुमच्या चौथीत एकाच बसकर पट्टीवर बसायचो. तिला पाढे यायचे, मला कविता. ती मला पाढे सांगायची आणि कवितेच्या वेळी माझ्या ओठांकडं बघत बसायची. पुढं ती लग्न होऊन धारूरला गेली. मी डी.एड. करून आपल्याच वाडीच्या शाळेत तुमच्या हाताखाली आले आणि तुम्ही निवृत्त झाल्यावर तुमच्या खुर्चीत बसले. बाजारच्या दिवशी सुनंदाकडं चहा ठरलेला असायचा. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी दोन माणसं तिच्या घरात शिरली, दागिन्यांसाठी. घरात ती आणि तिची म्हातारी सासू. दोघीही गेल्या. तिची ऋतुजा तेव्हा शाळेत होती, आठ वर्षांची, म्हणून राहिली.

तिच्याही शोकसभेला तुम्ही बोलला होता. त्याच पटांगणात. "असल्या मान्साला फाशीच पाहिजे, दुसरं काय न्हाई," असं म्हणून तुम्ही खाली बसला होता. मला तेव्हा तुमचा फार आधार वाटला.

दोनच दिवसांनी पोलिसांनी माणसं धरली. एक होता ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाचा भाचा, आणि दुसरा आपला भागवत. ऊसतोडीला जाणाऱ्या चतुराबाईचा भागवत. बातमी मीच तुम्हाला सांगितली. तुम्ही ओट्यावर शेंगा फोडत होता. हातातली शेंग तुम्ही टोपलीत परत टाकली आणि आत जाऊन झोपलात. जेवायलाही उठला नाहीत, असं काकू म्हणाल्या.

त्यानंतर शाळेत पोलीस आले, भागवतच्या जन्मतारखेचा दाखला मागायला. मी जनरल रजिस्टर काढलं, बघितलं, लिहिलं, सही-शिक्का मारला. तारीख एक जून. त्यात नवल काय होतं? माझी जन्मतारीख एक जून. सुनंदाची एक जून. आपल्याकडं घरच्यांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहायचे. अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलंय. त्या हिशोबानं गुन्ह्याच्या दिवशी भागवत एकोणीस वर्षांचा होता. दाखला देताना माझा हात जरासुद्धा अडला नाही. उलट वाटलं, सुनंदासाठी माझ्या हातून एवढं तरी झालं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, पण सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. मुकादमाच्या भाच्याला संभाजीनगरचा मोठा वकील होता. त्याच्याविरुद्ध पुरावा कमी पडला, तो सुटला. भागवतला कोर्टानं नेमून दिलेला वकील होता. चतुराबाई म्हणायची, तो वकील तिला दोनदा भेटला, एकदा जिन्यात आणि एकदा गाडीत बसताना. भागवतला फाशी झाली. घरात दोघं शिरले होते, वार कुणी केला ते त्या दोघांनाच ठाऊक, आणि दोरी आली ती ज्याला धड बोलताही येत नव्हतं त्याच्या वाट्याला. हे वाक्य तुमचं आहे. तेव्हा मी ते ऐकून घेतलं नव्हतं. मी पेपरातलं निकालाचं कात्रण कापून सुनंदाच्या फोटोच्या मागं खोचून ठेवलं होतं.

वरच्या दोन्ही कोर्टांतही फाशी कायम झाली. मग दोन वर्षांपूर्वी भागवतसाठी ती वकीलबाई आली. सडपातळ पोरगी, पाठीवर पिशवी, घाटातून वाडीपर्यंत पायी चालत आलेली. मी तिला शाळेत पाणीसुद्धा विचारलं नाही. तुम्ही तिला घरी नेलं. मला वाटलं ती सुटकेसाठी काहीतरी खोटं वदवून घेणार, म्हणून मीही मागोमाग येऊन बसले. ती भागवतचं लहानपण विचारत होती. आई-बाप ऊसतोडीला गेले की कुणाकडं राहायचा, काय खायचा, शाळेत कसा होता. तुम्ही सांगत होता. मग तिनं सहज विचारलं, "गुरुजी, याची जन्मतारीख शाळेत कुणी सांगितली होती?"

तुम्ही म्हणालात, "कुनी न्हाई. मीच लिव्हली."

"अंदाजानं?"

"अंदाज कशाचा? मला ठावंच व्हतं की त्यो चार वर्षांचा हाय. साडेचार आसंल. सहाचा लिव्हला."

त्या पोरीचं पेन थांबलं. तिनं हळूच सांगितलं की गुन्ह्याच्या दिवशी अठरा पूर्ण नसतील तर कायद्यानं फाशी देताच येत नाही. कधीही, कुठल्याही टप्प्यावर हे सांगता येतं. तुम्ही तिच्याकडं बघतच राहिलात. तुमचा तो चेहरा मी विसरले नाही. "आन् हे मला आज सांगायलीस?" तुम्ही म्हणालात. "सात वर्सं झाली. तीन कोर्टं झाली. मी इथंच ओट्यावर बसलेलो हाय. मला कुनी इचारलंच न्हाई."

ती गेल्यावर तुम्ही मला सगळं सांगितलं. दिवाळी झालेली. टोळ्या निघायच्या घाईत. चतुराबाई शाळेच्या दारात उभी, कडेवर भागवत. "गुरुजी, थोरल्या मंदीला लिव्हलं हाय, याला बी लिव्हा. घरी म्हातारीला दिसत न्हाई. हितं दुपारची खिचडी तरी मिळंल." तुम्ही म्हणालात, लहान आहे, बसत नाही. ती म्हणाली, बसंल, लई गुणाचा हाय. बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. तुम्ही रजिस्टर उघडलं आणि दोन वर्षं वाढवून एक जून टाकली. पोरगं पहिल्याच दिवशी ताट चाटून पुसून तुमच्या टेबलाखाली झोपलं.

"मी त्याला जेवायला घातलं शोभा," तुम्ही म्हणालात, "आन् त्याच लिव्हन्यानं त्याला फासावर नेलं."

मला दया आली नाही, गुरुजी. हे सांगायलाच हवं. मी ताडकन म्हणाले, "सतराव्या वर्षी मारलं तर सुनंदा कमी मरते का?"

तुम्ही म्हणालात, "न्हाई. तेवढीच मरती."

"मग?"

"मग काय? जीव घेनारानं निदान वय तरी नीट मोजावं का न्हाई?"

हेच आपलं भांडण. पुढं शंभर वेळा झालं. कधी शाळेच्या ओट्यावर, कधी दवाखान्याच्या बाकावर, एकदा तर धारूरच्या स्टँडवर, लोक बघायला लागले इतक्या मोठ्यानं. मी म्हणायचे, तुम्ही भागवतला लेकरू म्हणता, पण ऋतुजा लेकरू नव्हती का? तुम्ही म्हणायचा, "सुनंदा बी माझीच, भागवत बी माझाच. मी कुनाला कमी करू?" मी म्हणायचे, हे उत्तर नाही. तुम्ही म्हणायचा, "न्हाईच हाय." आणि चहा सांगायचा, माझ्यासाठी बिनसाखरेचा, कारण तुमच्या मते साखर तुम्हाला झाली म्हणजे मलाही होणार.

तुम्ही कोर्टात सांगायला तयार झालात. तुमच्या लेकानं, प्रकाशनं, घर डोक्यावर घेतलं. खोटी नोंद केली म्हणून चौकशी लागेल, या वयात पोलीस दारात येतील. तुम्ही म्हणालात, येऊ दे, त्यांना बी चहा देऊ. पण तुम्हाला एकच घोर होता. शाळेचं रजिस्टर एक सांगतंय आणि पंच्याहत्तरी ओलांडलेला म्हातारा दुसरंच. नुसत्या तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? तुम्ही मला म्हणालात, "शोभा, जरा रजिस्टर चाळ. कुठं काही धागा घावतो का बघ."

मी म्हणाले, बघते.

आता ती गोष्ट, जी तुम्हाला कधी सांगितली नाही.

मी रजिस्टर चाळलं ते तुम्हाला खोटं ठरवायला. वाटलं, तुमच्या आठवणीत घोळ झाला असणार. म्हातारपण, त्यात अपराधाची भावना. भागवतच्या नोंदीपासून मी मागं मागं जात होते आणि चार पानं अलीकडं मंदा सापडली. भागवतची थोरली बहीण. त्याच वर्षी जूनमध्ये नाव घातलेली. तिची तारीख एक जून नव्हती. ती वाडीतच जन्मली होती, पहिलं बाळंतपण म्हणून चतुराबाई त्या वर्षी ऊसतोडीला गेली नव्हती, ग्रामपंचायतीचा दाखला जोडलेला होता. जानेवारीचा जन्म. आणि भागवतचा, तुमच्या अक्षरात, त्याच वर्षाचा एक जून. दोघांच्या नावापुढं एकच बाप, एकच आई. एका आईला पाच महिन्यांत दोन लेकरं.

धागा कसला, दोरखंडच होता तो. नोंद खोटी आहे हे रजिस्टर स्वतःच सांगत होतं. फक्त दोन पानं शेजारी ठेवायची होती, आणि सात वर्षांत कुणी ठेवली नव्हती. मीही नाही.

मी रजिस्टर मिटलं आणि कपाटात ठेवलं. कुलूप लावलं. तुम्हाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, विचारलंत, मी म्हणाले, अजून चाळतेय. तिसऱ्या दिवशीही तेच. तुम्ही काठी टेकत यायचा, निंबाखाली बसायचा, पोरांच्या प्रार्थनेला उभं राहायचा, माझ्याकडं बघायचा आणि जायचा. अकरा दिवस, गुरुजी. अकरा दिवस एका माणसाचा जीव माझ्या कपाटात होता आणि मी खडू-फळा करत होते. स्वतःला सांगत होते की मी सुनंदासाठी गप्प आहे. तिच्यासाठी कुणीतरी गप्प राहायला हवं ना?

बाराव्या दिवशी तुम्ही आला नाहीत. संध्याकाळी घरी गेले तर तुम्ही खाटेवर पडलेले, पाय सुजलेले, काकू तेल लावत होत्या. "उमापूरला गेलतो," तुम्ही म्हणालात. ऋतुजा तिथं मामाकडं राहते. तीन एसट्या बदलून तुम्ही गेला होता. मी विचारलं, कावून? तर म्हणालात, "मी कोर्टात काय बोलनार हाय ते त्यांना आधी सांगायला नको? न सांगता गेलो आसतो तर ती चोरी झाली आसती."

मामानं तुम्हाला घरात घेतलं नाही. दारातच उन्हात उभं राहून तुम्ही सगळं सांगितलं, खिचडीपासून. तो म्हणाला, गुरुजी, वयाचा मान राखतो म्हणून हात उचलत नाही, जावा. आतून ऋतुजा बघत होती. "लई सुनंदावानी दिसती," एवढंच तुम्ही म्हणालात आणि भिंतीकडं तोंड केलंत.

ज्यांना तुमच्या बोलण्यानं सगळ्यात जास्त लागणार होतं, त्यांच्या दारात तुम्ही सुजल्या पायांनी उभे राहिलात. आणि मी कुलूप लावून बसले होते. सुनंदाच्या नावाखाली मी स्वतःलाच राखत होते, हे मला त्या खाटेच्या पायाशी कळलं. मी म्हणाले, "गुरुजी, आज एक सापडलंय." तुम्ही उठून बसलात. मंदाची नोंद सांगितली. तुम्ही बोटांवर महिने मोजले, दोनदा, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. म्हणालात, "तू व्हतीस म्हनून."

त्या "आज"बद्दल मला माफ करा. तुमचा तो हात मी खोटं बोलून घेतला. नंतर दहादा सांगावंसं वाटलं. तुम्ही भांडला असता तर बरं झालं असतं. पण मला भीती ही होती की तुम्ही भांडणार नाही.

कोर्टातला दिवस आठवतो. वयाची चौकशी करायला वरून आदेश आला होता. तुम्ही धुतलेलं धोतर, टोपी. सरकारी वकील म्हणाले, "म्हणजे तुम्ही सरकारी रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं. मग आज खरं बोलताय हे कशावरून मानायचं?" तुम्ही म्हणालात, "साहेब, तव्हा पोराला भूक लागली व्हती म्हनून खोटं लिव्हलं. आज मला कशाचीच भूक न्हाई." न्यायाधीशांनी मान वर करून तुमच्याकडं बघितलं आणि परत लिहायला लागले. मग माझी साक्ष झाली. मी दोन्ही पानं दाखवली. पुढं वकीलबाईनं कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातून बाळंतपणाची जुनी नोंदही काढून आणली. भागवतचा जन्म मंदाच्या पाठीवर दोन वर्षांनी झालेला होता. गुन्ह्याच्या दिवशी त्याला सतरा पूर्ण होऊन चारच महिने झाले होते.

निकाल लागला, फाशी गेली. लहान वयाच्या गुन्हेगाराला फार तर तीन वर्षं ठेवता येतं, तो त्याच्या दुपटीहून जास्त आत राहिला होता, म्हणून सोडून द्यायचा हुकूम झाला. मी पेढे आणले नाहीत आणि तुम्हीही विचारले नाहीत. आपण दोघं ओट्यावर बसलो. तुम्ही म्हणालात, "सुनंदाचं काय झालं मग ह्यात?" पहिल्यांदा माझा प्रश्न तुम्ही विचारलात आणि पहिल्यांदा मी तुमचं उत्तर दिलं. "काही नाही, गुरुजी. काहीच नाही झालं."

महिनाभरानं भागवत तुम्हाला भेटायला आला. मला यायचं नव्हतं, तुम्ही निरोपावर निरोप धाडलात. सव्वीस वर्षांचा माणूस, कपाळावरचे केस गेलेले, दारात चपला काढून उभा. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. तुम्ही विचारलंत, "किती वर्साचा झालास रं?"

तो म्हणाला, "कोनत्या हिशोबानं, गुरुजी?"

तुम्ही हसलात आणि हसता हसताच रडायला लागलात. त्यानं पुढं होऊन तुमचे पाय धरले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "बाई, मी व्हतो तिथं. नव्हतो असं म्या कधीच म्हनलो न्हाई." अजूनही मला त्याला माफ करता आलेलं नाही, आणि तो मेलेला असावा असंही आता वाटत नाही. या दोन्हींच्या मधे कुठंतरी मी आहे. तुम्ही मला तिथवर आणून सोडलंत आणि गेलात. पुढची वाट तुम्हालाही माहीत नव्हती, हे आता कळतंय.

भागवत आता मंदाकडं दुसऱ्या जिल्ह्यात असतो. तुम्ही गेल्याचा फोन मी त्याला केला.

ऋतुजाला फोन करायचं धाडस मला होत नव्हतं. पण तीच दहाव्याला आली, एकटी, एसटीनं. सतरा वर्षांची आहे आता. स्टँडवर उतरली ती तुम्ही म्हणाला होता तशीच, हुबेहूब सुनंदा. वाडीच्या वाटेवर मी तिला ते अकरा दिवस सांगितले. कुणाला तरी सांगायला हवे होते आणि तिचा हक्क सगळ्यात जास्त होता. ती ऐकत चालत राहिली. मग म्हणाली, "गुरुजींना सांगितलं व्हतं का?"

"नाही."

"मग मला कावून सांगायल्या?"

थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "तव्हा गुरुजी दारात उभे व्हते ना, मामानं त्यांना बस बी म्हनलं न्हाई. मला म्हनता आलं आसतं. मी म्हनले न्हाई." आणि घरापर्यंत माझ्या पुढं चालत राहिली.

घरात बायका बसल्या होत्या. काकूंनी तिला जवळ घेतलं. ओळख सांगावी लागली नाही. दारातून मला बाहेर भिंतीला टेकून बसलेली चतुराबाई दिसली. सकाळपासून ती आत होती, भांडी घासत होती. ऋतुजाला येताना बघून तीच उठून बाहेर गेली होती. ऊन चढलेलं, खाली तापलेली फरशी. ऋतुजानं विचारलं, "त्या आज्जी बाहेर कावून बसल्या?" काकू माझ्याकडं बघायला लागल्या. मी खरं तेच सांगितलं. म्हणाले, ती भागवतची आई.

ऋतुजा खाली बघत बसली. मग तिनं आपल्या अंगाखालची सतरंजी ओढून काढली, बाहेर गेली आणि चतुराबाईच्या पुढ्यात ठेवली. तिच्याजवळ बसली नाही. परत आत आली आणि माझ्या शेजारी उघड्या जमिनीवर बसली.

गुरुजी, तेवढंच झालं. त्याच्यापुढं मी काही जोडून सांगत नाही. चतुराबाई त्या सतरंजीवर बसली नाही. तिनं ती झटकली, नीट घडी घातली आणि उठून जाईपर्यंत मांडीवर घेऊन बसून राहिली.